भीड ही भिकेची बहीण

अक्षय्य तृतीया आली कीं आमच्या जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ येथें घटमांडणी होते. घटाभोंवतीं धान्यें मांडतात, दुसऱ्या दिवशीं पहांटे तीं पाहून पाऊस कसा व पीक कसें याचें भाकीत सांगतात, आणि तें ऐकावयास दूरदूरचीं माणसें लोटतात. त्या भाकिताच्या खरेखोटेपणाचा विचार आज आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें निराळेंच. येणाऱ्या हंगामाविषयीं इतकी बारीक चौकशी करणारा हाच मनुष्य, आठ दिवसांनीं शेजारी कर्जाचा छापील अर्ज घेऊन दारीं आला आणि ‘जामीन म्हणून नुसती एक सही हवी’ असें म्हणाला, म्हणजे एका शब्दाचीहि चौकशी करीत नाहीं. कर्ज किती, कशासाठीं, मागचें किती थकलें आहे, फेड कशांतून होणार, हे प्रश्न त्याच्या ओठांवर येतात आणि तेथेंच विरतात. विचारलें तर शेजाऱ्यास वाईट वाटेल! चहा होतो, सही होते, आणि शेजारी उपकार मानून निघून जातो.

या वृत्तीस आपल्याकडे चांगुलपणा म्हणतात. आम्ही तीस भीड म्हणतों, आणि या दोहोंत जें अंतर आहे तें वाचकांपुढें मांडावें एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों. दयाळू मनुष्याचें लक्ष दुसऱ्याच्या अडचणीकडे असतें. भिडस्त मनुष्याचें लक्ष लोक आपणांस काय म्हणतील याकडे असतें. दयाळू मनुष्य आपल्या ताटांतील घांस काढून देतो. भिडस्त मनुष्य ज्यांस विचारलें सुद्धां नाहीं अशा बायकामुलांच्या ताटांतील घांस देऊन टाकतो, आणि दिला हें त्याला स्वतःलाहि ठाऊक नसतें. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं.

‘नुसती सही’ म्हणजे काय, हें कायद्याच्या भाषेंत पाहूं. आपल्या देशांतील कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १२६ मध्यें जामिनकीची व्याख्या आहे, आणि कलम १२८ सांगतें कीं, करारांत निराळें ठरलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. इतकीच, म्हणजे अर्धी नव्हे, आणि ऋणकोचें घरदार विकून झाल्यानंतर उरेल तेवढीहि नव्हे. ‘आधीं त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असें म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे, ही समजूत सुशिक्षितांतहि आढळते. ती चुकीची आहे. बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद या दाव्यांत खालच्या न्यायालयानें बँकेस असेंच सांगितलें होतें कीं, प्रथम ऋणकोविरुद्ध सर्व उपाय करून पाहावे आणि मग जामीनदारास हात लावावा. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं ती अट रद्द केली. धनकोला थांबावयास लावलें तर जामीन घेण्याचा हेतूच नाहींसा होतो, हें त्यामागील कारण. सहकारी संस्थेचें कर्ज असेल तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ अन्वयें, दिवाणी दावा न लावतां, निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळूं शकतो. जामीनदार मरण पावला तर देणें मरत नाहीं; वारसांस त्याची जी मालमत्ता मिळाली असेल तिच्यापुरतें तें त्यांच्या मागें येतें. शिवाय आजकाल पत मोजणाऱ्या कंपन्यांच्या नोंदींत जामिनकीहि दिसते. म्हणून दुसऱ्याचें थकलेलें कर्ज हें स्वतःच्या व्यापारासाठीं कर्ज मागावयास गेलेल्या प्रामाणिक माणसाच्या आडवें येतें.

वकिलीच्या धंद्यांत थोड्याफार फरकानें अनेकदां पाहिलेली एक हकीकत नांवनिशाणी वगळून सांगतों. एक किराणा दुकानदार, हिशेबाला चोख, उधारीची वही रोज रात्रीं तपासणारा. त्याच्या एका जुन्या मित्रानें सरकीचा व्यापार वाढविण्यासाठीं कर्ज काढलें व जामीन म्हणून याची सही घेतली. व्यापार बसला. मित्र प्रथम भेटेनासा झाला, पुढें गांवांतूनच गेला. दुकानदारास नोटीस आली तेव्हां तो आमच्याकडे आला आणि एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणूं लागला: ‘मीं एक पैसा घेतलेला नाहीं, वकीलसाहेब.’ तें अक्षरशः खरें होतें आणि कायद्याच्या दृष्टीनें निरुपयोगी होतें. त्याच्याबरोबर त्याची पत्नी आली होती. तिनें विचारलें, ‘सही करतांना यांनीं मला कां नाहीं सांगितलें?’ या प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडून त्यानें तडजोड केली.

दुसऱ्यास शहाणपण शिकविणारांनीं आपली चूकहि सांगावी. कलम १२८ तोंडपाठ असतांना आम्हीं स्वतः एका स्नेह्याच्या भिडेस्तव अशी सही केलेली आहे आणि कित्येक हप्ते भरलेले आहेत. पैसे गेल्याचें दुःख आतां उरलें नाहीं. पण तो स्नेही रस्त्यानें समोरून येतांना दिसला कीं दुसऱ्या गल्लींत वळतो, हें आजहि बोंचतें. पहिल्याच दिवशीं ‘नाहीं’ म्हटलें असतें तर तो महिनाभर रुसला असता; ‘हो’ म्हटल्यामुळें तो कायमचा गेला. शिवाय आमच्या सहीवांचून तें कर्ज त्यास मिळालें नसतें, आणि तें न मिळतें तर तो बुडाला नसता. म्हणजे ज्याच्यावर उपकार करावयास गेलों त्याच्याच पायांत आम्हीं बेडी अडकविली.

ही केवळ घराघरांतील गोष्ट नाहीं. भिडेनें सार्वजनिक संस्थाहि बुडतात. १९०४ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्या निघाल्या, तेव्हां खेड्यांतील पेढ्यांस अमर्याद जबाबदारीचें तत्त्व लावलें होतें. पेढी बुडाली तर प्रत्येक सभासदानें आपल्या सर्व मालमत्तेनिशीं देणें भरावयाचें. म्हणजे सारा गांव एकमेकांस जामीन! हें तत्त्व जर्मनींतील रायफायझेन याचें. त्याची कथा बोधप्रद आहे. त्यानें १८५४ सालीं हेडेसडोर्फ येथें प्रथम काढली ती परोपकारी मंडळी होती. सुस्थितींतील लोकांनीं गरिबांस साह्य करावें असा तिचा हेतु. परंतु दात्यांच्या नुसत्या दयेवर संस्था टिकत नाहीं असा अनुभव आल्यावर १८६४ सालीं त्यानें तिचेंच रूपांतर स्वावलंबी कर्जपेढींत केलें. शेजाऱ्यांनीं एकमेकांस ओळखावें, कर्ज कशासाठीं हें विचारावें, पैसा त्याच कामीं लागला कीं नाहीं हें पाहावें, आणि नालायकास स्पष्ट नकार द्यावा, हा त्या पेढीचा प्राण होता.

आपण त्या योजनेंतील जबाबदारी उचलली आणि नकार देण्याचें धैर्य तेवढें मागें ठेवलें. गांवच्या पंचास गांवच्याच माणसाला नाहीं कसें म्हणावयाचें? मुदतवाढी दिल्या, जुनें कर्ज नव्यानें फेडून घेतलें, थकबाकी पोटांत घातली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले, तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांतील पुष्कळ पेढ्या गुंडाळाव्या लागल्या. मंदी हें त्याचें एक कारण खरें. पण भिडेनें आधींच पोखरलेली भिंत तेवढ्या धक्क्यानें पडली. आणि अमर्याद जबाबदारीचा नियमच असा कीं, बुडव्याकडे कांहीं उरलेलें नसतें, म्हणून भार येतो तो वेळच्या वेळीं हप्ता भरणाऱ्यावर. पंचांनीं केलेल्या दयेचें मोल ज्यानें दया मागितलीच नव्हती त्यानें भरावयाचें! आजहि एखादी पतसंस्था अडचणींत आली कीं संचालकांच्या ओळखीपाळखीच्या कर्जांची चर्चा होते, आणि ठेवी अडकतात त्या निवृत्त शिक्षकांच्या व विधवांच्या.

यावर कोणी म्हणेल कीं, संपादकमहाशय, गरिबाजवळ तारण ठेवावयास सोनें नाहीं, जमीन नाहीं. शेजाऱ्याचा शब्द हीच त्याची पत. सर्वांनीं हात आंखडले तर त्यानें सावकाराच्या दारांत जावें काय? हा आक्षेप वजनदार आहे, आणि शेजारधर्म सोडा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंतची आमची शेती पावसाच्या लहरीवर आहे. येथें एकमेकांच्या आधारावांचून कोणाचेंहि निभत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, साह्य डोळे उघडे ठेवून करावें. जितकी रक्कम बुडाली तरी आपलें घर हलणार नाहीं, तितकी हातीं असेल तर ती सरळ द्यावी, आणि परत आलीच तर आनंद मानावा. जामीन राहणेंच झालें तर ऋणकोचा हिशेब पाहावा. आपली जबाबदारी किती रकमेपुरती आणि किती मुदतीपुरती, हें लेखी घालून घ्यावें. कोऱ्या कागदावर वा कोऱ्या धनादेशावर सही कदापि करूं नये. १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणें हा फौजदारी गुन्हा होऊं शकतो. पुढेंहि चालू राहणारी जामिनकी असेल तर, भावी व्यवहारांपुरती ती कलम १३० प्रमाणें नोटीस देऊन थांबवितां येते. देणें भरावें लागलें तर कलम १४० व १४५ प्रमाणें ऋणकोकडून तें मागण्याचा हक्क पोंचतो. परंतु जामीनदाराच्या सोयीचीं कांहीं कलमें छापील अर्जांत बहुधा आधींच सोडून दिलेलीं असतात, म्हणून अर्ज अक्षरन् अक्षर वाचावा आणि त्याची नक्कल घरीं ठेवावी.

ज्या वऱ्हाडांत १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून परकीय सरकारास उघड ‘नाहीं’ म्हटलें आणि त्यासाठीं तुरुंग पत्करला, त्याच वऱ्हाडांतील माणसाला आपल्या ओसरीवर बसून शेजाऱ्यास ‘नाहीं’ म्हणतां येऊं नये, ही खेदाची गोष्ट आहे. स्वराज्यांत कारभार आपल्याच माणसांचा असतो, म्हणून तेथें नकाराची गरज कमी होत नाहीं, उलट वाढते. जो घरीं नकार देऊं शकत नाहीं, तो उद्यां संचालक झाला, पंच झाला, नगरसेवक झाला, तर सार्वजनिक पैशाचें रक्षण करूं शकेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां येत्या पेरणीच्या दिवसांत शेजारी अर्ज घेऊन आला तर वाचकांनीं त्याचें स्वागत करावें, चहाहि अवश्य द्यावा. अर्ज मात्र एक रात्र घरीं ठेवून घ्यावा, दिव्याखालीं बसून पत्नीस व जाणत्या मुलांस तो वाचून दाखवावा, आणि सकाळीं काय तें उत्तर स्पष्ट सांगावें. एका रात्रीच्या विलंबानें जो शेजारी रागावेल, त्याच्या हप्त्यांचा भरंवसा कितपत धरावा, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा.