बस नियंत्रक, औद्योगिक
बस नियंत्रक, औद्योगिक : कारखान्यातील प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी; यापुढे तर्क नियंत्रक) आणि त्यापासून दूर असलेली संवेदक, झडपा, चलित्रे (मोटरी) इ. उपकरणे यांना जोडणाऱ्या सामाईक संदेशमार्गाचे नियमन करणारा इलेक्ट्रॉनीय घटक. अनेक उपकरणे ज्या एकाच तारमार्गावर जोडलेली असतात, त्याला बस म्हणतात. दोन उपकरणांनी एकाच वेळी संदेश पाठविल्यास सामान्यतः दोन्ही संदेश बिघडतात. म्हणून कोणी केव्हा संदेश पाठवावा आणि उत्तर न आल्यास काय करावे, हे बस नियंत्रक ठरवितो.

इतिहास : अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९६८ मध्ये अभिचालित्रांच्या (रिलेंच्या) तक्त्यांना पर्याय मागितला. त्यातून रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी मॉडिकॉन ०८४ हा तर्क नियंत्रक तयार केला (१९६९). प्रारंभी प्रत्येक उपकरणापासून नियंत्रकापर्यंत स्वतंत्र तारा ओढाव्या लागत. मॉडिकॉन कंपनीची मॉडबस ही संदेशपद्धती १९७९ मध्ये पुढे आली, तर जर्मनीत १९८७ मध्ये प्रोफिबस पद्धतीच्या विकासास प्रारंभ झाला.

रचना : बस नियंत्रकात बहुधा स्वतंत्र सूक्ष्मप्रक्रियक असतो. त्यामुळे मुख्य नियंत्रक आज्ञावली राबवीत असतानाच संदेशांची देवघेव चालू राहते. दोघांमध्ये सामाईक स्मृती असते. तिच्यातील माहिती अर्धवट बदललेली असताना वाचली जाऊ नये, ही महत्त्वाची अट आहे. उदा., १६ द्विमान अंकांच्या दोन शब्दांत साठविलेली मोजणी ६५,५३५ वरून ६५,५३६ होत असताना एक शब्द जुना व दुसरा नवा वाचला गेल्यास ती ० किंवा १,३१,०७१ अशी दिसेल. म्हणून संबंधित शब्द एकसंधपणे सुपूर्त करावे लागतात.

तारमार्गासाठी आरएस-४८५ हे मानक (१९८३) विशेष रूढ आहे. त्यात पीळ दिलेल्या दोन तारांमधील विद्युत् दाबाच्या फरकाने संदेश वाहिला जातो. बाह्य व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होत असल्याने फरक फारसा बदलत नाही. मंद वेगाला हा मार्ग सु. १,२०० मी. लांब असू शकतो. प्रोफिबसच्या सेकंदास १·२ कोटी द्विमान अंक या वेगाला मात्र एका खंडाची मर्यादा १०० मी. आहे. तरंगांचे परावर्तन टाळण्यासाठी मार्गाच्या दोन्ही टोकांना रोधक बसवितात.

कार्यपद्धती : मॉडबसच्या तारमार्गावरील रूपात नियंत्रक प्रत्येक उपकरणाला त्याच्या क्रमांकाने (१ ते २४७) पृच्छा करतो व ते उपकरण उत्तर देते. प्रोफिबसमध्ये अनेक नियंत्रक असल्यास संदेश पाठविण्याचा अधिकार त्यांच्यात क्रमाने फिरतो.

फेरीला लागणारा वेळ आधी मोजणे आवश्यक असते. सेकंदास ९,६०० द्विमान अंक या वेगाने, प्रत्येक वर्णास ११ अंक धरल्यास, ८ वर्णांची पृच्छा, २५ वर्णांचे उत्तर व संदेशांमधील सक्तीचे विराम यांस मिळून सु. ४६ मिलिसेकंद लागतात. म्हणजे २० उपकरणांची फेरी ०·९ सेकंदाहून जलद होत नाही. त्यांतील एक उपकरण बंद पडले आणि नियंत्रक प्रत्येकी १ सेकंद थांबून तीनदा प्रयत्न करीत राहिला, तर प्रत्येक फेरी सु. ३ सेकंदांनी लांबते व सुस्थितीतील उपकरणांनाही विलंब सोसावा लागतो. म्हणून निरुत्तर उपकरणास विरळ वेळी विचारण्याची योजना करतात.

सुरक्षितता : संदेशातील चूक तपासणी संकेताने उघड होते, परंतु संदेशच न येणे हा अधिक गंभीर दोष होय. तार तुटली, तरी स्मृतीतील अखेरचे मापन तसेच राहते आणि ते ताजे असल्याचा भास होतो. यासाठी प्रत्येक मापनासोबत ते ग्राह्य असल्याची खूण ठेवतात. तसेच ठराविक काळात आज्ञा न मिळाल्यास उपकरणाने स्वतःच पूर्वनियोजित सुरक्षित स्थितीत जावे, अशी कालमर्यादा घालतात. सुरक्षित स्थिती म्हणजे नेहमीच बंद स्थिती नव्हे. भट्टीच्या इंधनाची झडप मिटली पाहिजे, यारीचा गतिरोधक लागला पाहिजे, पण थंड करणाऱ्या पाण्याचा पंप चालूच राहिला पाहिजे. ही निवड बस नियंत्रक स्वतः करू शकत नाही. संबंधित प्रक्रिया जाणणाऱ्या अभियंत्याने ती आधीच करून ठेवावी लागते.