पातळ पत्र्याला आकाराचे बळ

प्रतिनिधी, जळगाव

पारा ४५ अंशांच्या आसपास पोचला, की खानदेशात पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांचे हाल सुरू होतात. पूर्वीची मातीच्या धाब्याची घरे थंड असत. पण त्यांची डागडुजी वरचेवर करावी लागे. पत्रा हलका, स्वस्त आणि झटपट बसणारा. म्हणून जळगाव-धुळे परिसरात अनेक ठिकाणी त्याने धाब्याची जागा घेतली. हाच पातळ पत्रा आता काही प्रयोगशाळांत रोबोच्या हाती गेला आहे. पत्र्याने केवळ आच्छादन न राहता वास्तूचा भारही पेलावा, असा वास्तुविशारदांचा प्रयत्न आहे.

सपाट पत्रा हाताने सहज वाकतो. त्यालाच पन्हळी पाडल्या, की तो कितीतरी अधिक वजन सोसतो. हे बळ जाडीचे नव्हे, आकाराचे असते. मात्र पन्हळी पाडणाऱ्या यंत्रातून सर्व पत्रे एकसारखेच निघतात. प्रत्येक पत्र्याला निराळा आकार द्यायचा, तर दर वेळी नवा साचा हवा आणि तो खर्च परवडत नाही.

रोबो नेमका हाच अडसर दूर करतो. पत्रा चौकटीत कडेने घट्ट आवळला जातो. रोबोच्या हातातील गोल टोकाचा दांडा संगणकाने आखलेल्या मार्गावरून दाब देत फिरतो आणि प्रत्येक फेरीत किंचित खाली उतरतो. साच्याविना आकार उमटतो. तांबटाच्या मठारकामात ठोक्यांनी तांबे कडक होते. तसाच येथे दाबाने धातू कडक होतो.

कोपनहेगन येथील रॉयल डॅनिश अकादमीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या तंत्राने एक छोटा पूल उभारला. त्यासाठी अवघ्या अर्ध्या मिलिमीटर जाडीचे धातूचे षट्कोनी पत्रे दोन थरांत रचले. एका थरावरील शंकूसारखे उठाव दुसऱ्या थराला टेकतात आणि दोन्ही थर मिळून भार वाहतात.

या तंत्राला मर्यादाही आहेत. उतार जितका तीव्र, तितका पत्रा ताणून पातळ होतो. ६० अंशांच्या उतारावर जाडी जवळपास निम्मी उरते. दाब हटताच धातू थोडा मागे येतो. कामही संथ चालते. त्यामुळे एकसारखे हजारो पत्रे हवे असतील, तर जुनी यंत्रेच किफायतशीर ठरतात.

मग खानदेशाला याचा उपयोग काय? दोन थरांत हवेची पोकळी राखली, तर छपरातून खाली झिरपणारी उष्णता कमी होते. हलके, मजबूत आणि तुलनेने थंड छप्पर ही येथील निकड आहे. त्यासाठी रोबो इतक्यात आला नाही, तरी 'जाडी नव्हे, आकार' हे सूत्र वापरता येईल. पत्रा कोठे ताणतो आणि कोठे फाटतो, हे येथील पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्या अनुभवाला संगणकावरील आरेखनाची जोड दिली, तर नवे तंत्र या कारागिरांच्या हातचे काम काढून घेणार नाही, उलट त्याचे मोल वाढवील.