घरगुती ध्वनिवर्धकाला पहिली वीज देतांना

लॅमिंग्टन रस्त्यावरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींतून एकेक सुटा भाग आणून, रात्री जागून, एखादा हौशी तरुण घरच्या घरीं ध्वनिवर्धक जुळवितो. शेवटचा डाख देऊन होतो. घरची मंडळी कौतुकानें भोंवतीं जमतात. परंतु भिंतीवरील बटण दाबावयास त्याचा हात धजत नाहीं, आणि तें योग्यच आहे. एक तार उलट जोडली गेली असेल, तर साऱ्या मेहनतीचा क्षणांत धूर होतो.

अशा वेळीं जाणते लोक ज्या उपकरणाचें नांव घेतात तें व्हेरिअॅक. आपल्याकडील प्रयोगशाळांत त्याला बहुधा डिमरस्टॅट म्हणतात. लोखंडी कड्याभोंवतीं गुंडाळलेली तांब्याची तार आणि तिच्या वेटोळ्यांवरून सरकणारा कार्बनचा ब्रश, एवढीच त्याची रचना. मूठ फिरवावी तसतसा शून्यापासून सुमारें २७० व्होल्टपर्यंत हवा तो दाब मिळतो. जोडणींत दोष असेल, तर तीस-चाळीस व्होल्टांतच प्रवाहमापकाचा कांटा वाजवीपेक्षां अधिक चढतो, आणि नुकसान होण्यापूर्वीं मूठ मागें फिरवितां येते. फार दिवस पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांच्या आंतील पातळ थरहि असा हळूहळू दाब दिल्यानें पुन्हां बळकट होतो. मात्र रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल, तर त्याची तार पुरेशी तापेपर्यंत तो वीज पुढें जाऊं देत नाहीं. तेथें या सावकाशीचा फारसा उपयोग नाहीं.

येथवर सारें ठीक. परंतु मूठ दहा-वीस व्होल्टांवर आहे, म्हणजे आंत हात घालण्यास हरकत नाहीं, असा समज पुष्कळांचा होतो. तो जीवघेणा आहे.

साध्या रोहित्रांत दोन वेगळीं वेटोळीं असतात. एकांतील वीज दुसऱ्यांत चुंबकत्वाच्या द्वारें जाते, तारेनें नाहीं. व्हेरिअॅकमध्यें वेटोळें एकच. त्याचें एक टोंक भिंतीकडून येणाऱ्या तारेलाहि जोडलेलें असतें आणि बाहेर जाणाऱ्या तारेलाहि. हें टोंक न्यूट्रलचें असावें अशी अपेक्षा असते. पण प्लगमध्यें किंवा भिंतींतील जोडणींत फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेलीं घरें कांहीं थोडीं नाहींत. अशा घरांत मूठ शून्यावर असली तरी बाहेर जाणाऱ्या दोन्ही तारा जमिनीच्या मानानें २३० व्होल्टांवर असतात. कांटा खोटें सांगत नाहीं. तो त्या दोन तारांमधील फरक सांगतो. माणूस मात्र उभा असतो जमिनीवर.

ध्वनिवर्धकाला स्वतःचें दुहेरी वेटोळ्यांचें रोहित्र असेल, तर त्यापुढचा भाग भिंतीच्या विजेपासून तुटलेला असतो. पण त्याआधींचा फ्यूज, बटण व तेथल्या उघड्या तारा तशाच घातक राहतात. रोहित्राशिवायच्या जुन्या रेडिओंत तर लोखंडी सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असे. म्हणून व्हेरिअॅकच्या आधीं एकास एक प्रमाणाचें, दोन वेगळ्या वेटोळ्यांचें विलगक रोहित्र बसवावें. ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याची अर्थची तार तोडणें हा त्यावर उपाय नव्हे. कांहीं हुषार मंडळी घरघर थांबावी म्हणून तसें करतात, तो शुद्ध अविचार होय. शिवाय विलगक रोहित्राच्या पलीकडील गळती घरच्या मुख्य फळीवरील अर्थगळती-रोधक बटणाला कळत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

फ्यूजची गोष्ट अशीच फसवी आहे. समजा भिंतीच्या बाजूस २ अँपिअरचा फ्यूज आहे आणि मूठ २३ व्होल्टांवर आहे. दाब दहावा हिस्सा झाल्यानें ब्रशमधून जवळजवळ २० अँपिअर वाहूं लागेपर्यंत तो फ्यूज जुमानणार नाहीं. तोंवर ब्रश जळालेला असेल. बाहेर जाणाऱ्या बाजूसहि फ्यूज हवाच.

खरें पाहतां सर्वांत स्वस्त रक्षक म्हणजे ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा. तो फेजच्या तारेंत एकसरींत जोडावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर बहुधा कुशल आहे. झगझगीत तेवत राहिला, तर आंत कोठें तरी वीज आडवाटेनें जात आहे. एलईडी दिव्याचा येथें उपयोग नाहीं. मूठ माणसाच्या हातावर व नजरेवर अवलंबून असते, दिवा आपोआप आडवा येतो. म्हणून दोहोंपैकीं एकच घेणें परवडत असेल, तर दिवाच घ्यावा.

पहिल्या वेळीं किंमती कर्णा जोडूं नये. ट्रान्झिस्टरचे कांहीं ध्वनिवर्धक अपुऱ्या दाबावर आपल्या मुखाशीं एकदिश वीज सोडतात, व ती कर्ण्याचें वेटोळें जाळते. त्याऐवजीं ८ ओहमचा, पुरेशा वॅटचा रोधक लावावा. व्हॉल्व्हच्या यंत्रास तर अशा भाराशिवाय चालवूंच नये. ज्या यंत्रांत स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा आहे, त्याला हा सावकाश उपचार लावूं नये. दाब कमी पडला कीं तो अधिकच प्रवाह ओढतो.

बटण बंद केल्यावरहि व्हॉल्व्हच्या यंत्रांतील कंडेन्सर ४०० व्होल्टांचा सांठा बाळगून असतात. १० हजार ओहमचा, ५ वॅटचा रोधक लांकडी दांडीला बांधून तो प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोंकांवर कांहीं सेकंद टेंकवावा, मापकावर दाब शून्यापाशीं आल्याची खात्री करावी, आणि मगच, दुसरा हात खिशांत ठेवून, एक हात आंत घालावा.