पुरणपोळीनंतर वामकुक्षी? आधी शतपावली!

'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर' हे शाळेत घोकलं आणि पेपर झाल्यावर विसरलो. पण ही ऊर्जाघरं वाढवता येतात! १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जॉन होलोझी यांनी उंदरांना १२ आठवडे ट्रेडमिलवर पळवलं (बिचारे!). त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरायची क्षमता जवळपास दुप्पट झाली.

शिवाय, काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली.

आहाराचं म्हणाल तर महागड्या पावडरींवर माझा विश्वास नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे यांतून या ऊर्जाघरांना लागणारी प्रथिनं, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात.

फक्त खंड पाडू नका, व्यायाम सुटला की तंतुकणिकांची ही कमाई काही आठवड्यांतच ओसरते.