वस्तऱ्याची पाठ

दौंड स्टेशनाजवळच्या सलूनमध्ये 'घडीचा जुना वस्तरा आहे का?' असं विचारलं, तर पोरं हसली. सगळ्यांच्या हातात ब्लेड अर्धं मोडून बसवायचा वस्तरा. त्यातल्याच एकानं शिरूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराचा ठावठिकाणा सांगितला आणि मी शिरूरचा रस्ता धरला.

शिरूर ही इंग्रजांच्या घोडदळाची जुनी छावणी; दौंड 1878 पासून मनमाडला जोडलेलं जंक्शन. लष्करात नि रेल्वेत दाढी रोजची. आजूबाजूच्या खेड्यांत मात्र नाभिकाची धोकटी बलुत्यावर चालायची. बाहेरच्या वस्तऱ्यांत दोन शिक्के नावाजलेले: इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं सोलिंगन. सोलिंगन हे नाव तर 1938 पासून तिथल्या कायद्यानं राखीव आहे. आपल्याकडे हाच वस्तरा एकदा खालीही ठेवला गेला. विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी संप केला, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं. वस्तऱ्याच्या इतिहासात मला एवढी एकच गोष्ट मोठी वाटते.

म्हाताऱ्यापुढे एक सोलिंगनचं पातं होतं, तांबेऱ्यानं खाल्लेलं. त्यानं आधी ते उजेडाला धरून नुसतं पाहिलं. अंगावरचा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरनं निघतो. पण गंजाचा खड्डा थेट धारेवर असेल, तर धार तिथंच तुटत राहते. खड्डा जाईपर्यंत पोलाद झिजवायचं, नाहीतर वस्तरा बाजूला ठेवायचा.

मग दगड. सुरीला धार लावताना कोन हाताला सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या जाड पाठीतच घडवलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पातं सपाट धरायचं, की कोन आपोआप बसतो. म्हातारा पाण्यानं भिजवलेल्या दगडावर धार पुढे ठेवून पातं सरकवत होता, टाचेकडून टोकाकडे तिरकं. दगड पात्याहून अरुंद, म्हणून ही तिरपी चाल. शेवटाला पातं पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. जोर जवळजवळ नाहीच. आधी हजार नंबरचा दगड, मग चार, मग आठ हजारांचा. शेवटी चामड्याचा पट्टा, आणि इथं चाल उलटी: पाठ पुढे, धार मागे. नाहीतर पट्टाच कापला जातो. हाताच्या लवेवरून पातं नुसतं फिरवलं, तर केस तुटून उडाले. मी बघतच राहिलो.

पण हे काम कुणासाठी? आता गिऱ्हाइकाच्या गालावर हा वस्तरा फिरवू नये, असं म्हातारा स्वतःच म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. भारतात 1986 मध्ये एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि पुढे दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा सलूनचा नियम होत गेला. एकाच्या रक्ताचा थेंब दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतो; पातं उकळता येईल, चामड्याचा पट्टा कसा उकळणार? शिवाय ब्लेडला परजायची गरज नाही, शिकायचीही नाही. मग हे काम शिकायला पोरगा कशाला बसेल? हौशी लोक स्वतःच्या दाढीपुरते वस्तरे दुरुस्तीला आणतात खरे, पण त्यावर घर चालत नाही.

तुमच्या घरात आजोबांचा वस्तरा असेल, तर फिरत्या चाकाच्या धारवाल्याकडे देऊ नका. चाकावर पातं तापून निळं पडलं, की पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. मूठ सेल्युलॉइडची असेल, तर जुनी झाल्यावर तिच्यातून निघणारी वाफच पात्याला गंज चढवते. तेव्हा मूठ वेगळी काढा, पात्याला तेल लावा आणि कोरड्या कपड्यात ठेवा.