नव्या संघातील पहिले दिवस

वाचकहो, रायपूरजवळच्या बीरगांवातील एका कामगार कुटुंबाची कल्पना करा. घरचा मुलगा हॉकी उत्तम खेळतो. त्याला मोठ्या संघात स्थान मिळते आणि आळीत पेढे वाटले जातात. परंतु दोन महिने लोटतात, तरी त्याच्या नावावर एकही गोल नाही. शेजारी कुजबुजू लागतात. वडील मुकाट्याने जेवण उरकतात आणि मुलगा मान खाली घालतो. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नव्हे. हॉकीत चेंडू सहकारी जेथे उभा आहे तेथे नव्हे, तर क्षणभराने जेथे पोहोचेल तेथे द्यावयाचा असतो. जुन्या सवंगड्यांची धाव मुलाला पाठ झालेली असते. नव्यांची व्हावयास वेळ लागतो. कित्येकदा त्याची जागाही बदलते. आघाडीचा खेळाडू मधल्या फळीत येतो. आता चेंडू अडवून पुढे पोहोचविणे हे त्याचे काम. घरची मंडळी मात्र गोलच मोजीत बसतात!

याच प्रदेशातील बिलासपूर येथे १९२७ साली जन्मलेले लेस्ली क्लॉडियस मुळात फुटबॉलपटू होते. खरगपूर येथे रेल्वेच्या हॉकी संघांचा सराव चालू असता एक गडी कमी पडला. तेव्हा १९३२ च्या ऑलिंपिक विजेत्या संघातील डिकी कार यांनी त्यांना मैदानात बोलाविले. पुढे क्लॉडियस कलकत्त्याच्या कस्टम्स संघात गेले. त्यांनी कीर्ती मिळविली ती राइट हाफच्या जागी, म्हणजे गोल करण्यासाठी नव्हे. तरीही १९४८, १९५२ व १९५६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९६० चे रौप्यपदक त्यांच्या वाट्याला आले.

धीराचे मोल रायपूरनेही पाहिले आहे. २०१५ साली तेथे झालेल्या जागतिक हॉकी लीगच्या अंतिम स्पर्धेत भारताला गटातील एकही सामना जिंकता आला नाही. हॉलंडने तर ३-१ असे हरविले. पण थोड्याच दिवसांनी त्याच हॉलंडशी ५-५ अशी बरोबरी साधून, पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ अशी सरशी करीत भारताने कांस्यपदक पटकावले. गटातील निकालांवरूनच त्या संघाला मोडीत काढणे किती चुकीचे ठरले असते!

म्हणून आपला मुलगा संध्याकाळी थकून घरी येईल तेव्हा, "आज किती गोल केलेस?" असे विचारू नका. "नव्या सवंगड्यांपैकी कोणाशी जमू लागले?" असे विचारून पाहा. खेळ सुधारेल तेव्हा सुधारेल. जेवताना त्याची मान तरी वर राहील.