बैतखोलचे बंदर आणि काळीवरची तर

आईला कारवारला जायचे म्हटले की आजही आधी तर आठवते. तिचे माहेर सदाशिवगडचे, म्हणजे काळी नदीच्या उत्तर तीरावरचे. मोठा बाजार, कोर्ट-कचेऱ्या, जिल्ह्याचे दवाखाने सगळे पलीकडे. कोडीबागेला उतरायचे तर काळीचे रुंद मुख ओलांडायला हवे. आजोबा ह्याच तरीवर होते. सासरी जाणाऱ्या मुली, कोंबड्यांच्या पाट्या, गोव्याहून आलेले पाहुणे, सगळे त्यांच्या हातून गेले. पूल झाला तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांची होते, त्यामुळे हे सारे माझ्यासाठी ऐकीव. पूल आला तसे तरीचे दिवस संपले आणि आजोबा मामाबरोबर मासेमारीला जाऊ लागले.

ह्या काळीवर एका चांदण्या रात्री रवींद्रनाथ ठाकूरही होडीने फिरले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते, त्यांच्याकडे ते 1880च्या दशकाच्या आरंभी राहिले होते. किल्ल्यापाशी उतरून ते एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात गेले, असे त्यांच्या आठवणींत आहे. होडी वल्हवणारा कोण होता, हे मात्र त्यात नाही. (आईचे म्हणणे, आमच्याच घरातला कोणीतरी असणार! पुरावा विचारू नये.)

आपल्या बेळगावच्या स्वयंपाकघरांत कारवारची मासळी नवी नाही. आपण बांगडा म्हणतो, शेजारीण बंगुडे म्हणते. आपली सुरमई तिच्याकडे अंजल होते. पण ही मासळी जिथे उतरते ते बैतखोल बंदर आपल्यातल्या किती जणांनी पाहिले आहे? डोंगराच्या आडोशाला असल्याने इथे पावसाळी वाऱ्याचा जोर कमी लागतो. पहाटे ट्रॉलर लागतात, बर्फाच्या लाद्या फुटतात आणि बायकांचा लिलाव सुरू होतो. भाव कोकणीत ठरतो, हिशेब कन्नडमध्ये होतो आणि ओळखीचा कोणी दिसला तर विचारपूस मराठीत. 1956पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्याची ही खूण.

मामाच्या तरुणपणी रापण होती. किनाऱ्यावरून ते लांबलचक जाळे ओढायला पन्नास-शंभर माणसे लागत आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळे. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीनच्या यांत्रिक होड्या आल्या. बांगड्या-तारल्याचा थवा किनाऱ्याला लागण्याआधीच समुद्रात घेरला जाऊ लागला आणि रापण मागे पडली. मासळी एकदम खूप येऊ लागली, पण वाटा घेणारे हात कमी झाले. मला ह्यात सरळ बरे-वाईट ठरवता येत नाही, कारण मामाच्या मुलांची शिक्षणे यांत्रिक होडीवरच झाली.

जागाही आटत गेली. दक्षिणेला अरगा-बिणगा भागात नौदलाचा तळ झाला. 2005मध्ये ‘आयएनएस कदंब’ कार्यान्वित झाला, पण त्याआधी कितीतरी कुटुंबांना गावे सोडावी लागली होती. मग व्यापारी बंदराचा विस्तार शहराच्या किनाऱ्याकडे सरकू लागला, तेव्हा जानेवारी 2020मध्ये मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन काम थांबले. मामीही त्या गर्दीत होती. ‘‘होडी ओढून ठेवायला वाळूच राहिली नाही, तर होडी काय माडावर टांगू?’’ असे ती मला फोनवर म्हणाली होती.

7 ऑगस्ट 2024ला रात्री एकच्या सुमारास काळीवरचा तो 41 वर्षांचा पूल कोसळला. गोव्याकडून येणारा एक ट्रक नदीत पडला. चालक केबिनच्या टपावर चढून बसला होता. त्याला स्थानिक मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवले. दोन महिन्यांची मासेमारीबंदी 31 जुलैला संपून आठवडाच झाला होता. नव्या पुलावरची वाहतूकही काही काळ थांबली. सकाळी आईने मामाला फोन केला. पहिला प्रश्न चालकाचा नव्हे, ‘‘आता तर चालू करतील का रे?’’ मामा हसला म्हणे. ‘‘तर चालवणारा आता आहे कोण, बाय?’’

गेल्या मे महिन्यात आम्ही अणशी घाटातून गेलो. मामाची होडी माडाखाली होती. मोठा मुलगा गोव्यात नोकरीला, धाकटा पुण्याला. होडीवर येणारे खलाशी आता दूरच्या राज्यांतले. बैतखोलचा एक व्यापारी होडी विकत घ्यायला तयार आहे. मामीची संमती आहे. मामा म्हणाला, ‘‘नारळी पौर्णिमा होऊ दे, मग बघू.’’ मामी आतून ओरडली, ‘‘हे तिसरे वर्ष!’’

निघताना मामीने सुक्या बांगड्यांची पुडी हातात दिली. नव्या पुलावर आईने गाडी हळू घ्यायला लावली आणि कोडीबाग येईपर्यंत काच खाली करून ती पाण्याकडे बघत राहिली.